एकट्याचें ओझें

मंडळींत वाढून नांवलौकिकास चढलेला गायक एके दिवशीं मंडळी सोडून निघाला, म्हणजे लोकांच्या तोंडीं दोनच निवाडे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, "पाहा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! ज्यांच्या जिवावर मोठा झाला, त्यांनाच वाऱ्यावर सोडलें." दुसरा पक्ष म्हणतो, "त्यांत काय बिघडलें? सिंहाचे कळप नसतात." पहिल्याच्या बोलण्यांत राग असतो, दुसऱ्याच्या बोलण्यांत कौतुक असतें, परंतु दोघांचेंहि लक्ष दार ओलांडण्याच्या त्या एका क्षणाकडे लागलेलें असतें. दाराबाहेर पडल्यावर त्या मनुष्यानें पुढें काय केलें, हें पाहत बसण्याइतका धीर फारच थोड्यांना असतो. माझ्या मतें खरा निवाडा तेथेंच, दाराच्या बाहेर, व्हावयास पाहिजे.

हा विचार मनांत येण्यास एक घरगुती कारण घडलें. माझा भाचा आपल्या या छत्रपति संभाजीनगरांत चौघां मित्रांच्या एका बँडांत गात असे. एक ड्रम वाजवी, दोघे गिटार वाजवीत, आणि हा गाई. सिडकोंतील एका घराच्या गच्चीवर रात्रीं त्यांचा सराव चाले. महाविद्यालयांचीं स्नेहसंमेलनें, गणेशोत्सवांतील एखादा कार्यक्रम, क्वचित् एखाद्या लग्नाचा स्वागतसमारंभ, अशीं त्यांचीं आमंत्रणें असत. जें मिळे तें चौघांत सारखें वांटलें जाई. मोठे स्पीकर त्यांनीं हप्त्यांवर घेतले होते आणि प्रत्येक हप्ताहि चौघे मिळूनच भरीत. परंतु श्रोत्यांच्या ध्यानांत राहतो तो गाणाऱ्याचा चेहरा. हळूहळू लोक त्याला म्हणूं लागले, "मागचे तिघे हवेत कशाला? वाद्यें आतां यंत्रावर वाजतात. एकटा गा, बिदागी सगळी तुझी." एका संध्याकाळीं तो मजकडे आला आणि म्हणाला, "मामा, आई म्हणते सोड, बाबा म्हणतात आधीं परीक्षा दे, आणि मित्र तर बोलतच नाहींत. आतां तुम्हींच काय तें सांगा."

मीं त्याला हो म्हटलें नाहीं आणि नाहींहि म्हटलें नाहीं. गोव्याच्या एका गायकाची हकीकत मात्र सांगितली. तीच येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवतों.

श्री. रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजीं गोव्यांत झाला. त्या वेळीं गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखालीं होता. डिसेंबर १९६१ मध्यें तो मुक्त झाला, तेव्हां हा मुलगा आठ वर्षांचा होता. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून त्या काळीं संगीताचे अनेक ओघ एकत्र वाहत असत. कोंकणी मांडो आणि दुलपद होतें, पोर्तुगीज गीतें होतीं, आणि परदेशाहून येणाऱ्या तबकड्यांतून इंग्रजी गाणीं येत होतीं. रेमो सात वर्षांचे असतांना लंडनहून परतलेल्या एका आप्तानें बिल हेली या अमेरिकन गायकाची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही ध्वनिमुद्रिका घरीं आणली, आणि मुलास नवें वेड लागलें. शाळेंत असतांनाच त्यांनीं सोबत्यांसह 'बीट फोर' नांवाचा बँड काढला. पुढें वास्तुशास्त्र शिकण्यासाठीं ते मुंबईस सर जे. जे. महाविद्यालयांत आले, आणि १९७० नंतरच्या त्या वर्षांत तेथील 'द सॅव्हेजेस' या नांवाजलेल्या रॉक बँडांत गाऊं-वाजवूं लागले.

ज्या पालकांना रॉक म्हणजे केवळ गोंगाट वाटतो, त्यांच्यासाठीं येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. आपल्या ख्यालाच्या बैठकींत गवई मुख्य असतो. तबलजी आणि सारंगिये हे साथीदार. गवई एका गांवाहून दुसऱ्या गांवास गेला, तर तेथील साथीदार घेऊन तो गाऊं शकतो. रॉक बँडाचें तसें नाहीं. तेथें ड्रमचा ठेका, खर्जाची गिटार, वरची गिटार आणि कंठ हीं चार भिंतींसारखीं असतात. एक काढली कीं छप्पर खालीं येतें. गाणें रचतात तेंहि पुष्कळदां चौघे मिळूनच. म्हणून बँड सोडणें म्हणजे नोकरी सोडण्यासारखें नसतें. सामाईक घरांतून वेगळें निघण्यासारखें असतें. निघणाऱ्याच्या हातीं एक भिंत उरते. बाकीच्या तीन त्यास नव्यानें उभाराव्या लागतात.

रेमो यांनीं तें कसें केलें, हें पाहण्यासारखें आहे. पदवी घेतल्यावर त्यांनीं मुंबई सोडली आणि बँडहि सोडला. वास्तुशास्त्राचा धंदा त्यांना सुस्थितींत ठेवूं शकला असता; तो त्यांनीं धरला नाहीं. १९७७ ते १९८० या काळांत ते युरोप आणि उत्तर आफ्रिका येथें वाटेंत भेटेल त्या वाहनानें, गात-वाजवीत हिंडले, आणि अखेर गोव्यास परतले. स्वतः रचलेलीं गाणीं त्यांजपाशीं होतीं. परंतु तीं बहुतेक इंग्रजींत होतीं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांस त्या दिवसांत चित्रपटांतील गाणीं हवीं असत. आपल्याच देशांतल्या एका तरुणानें इंग्रजींत रचलेलीं गाणीं कोण विकत घेणार, असा त्यांचा हिशेब. पाठीशीं बँड नाहीं, कंपनी नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं शिवोली येथें घरींच ध्वनिमुद्रण करण्याचें ठरविलें.

याकामीं एक लहानसें यंत्र उपयोगी पडलें. त्याचें नांव पोर्टास्टुडिओ. १९७९ मध्यें तें प्रथम बाजारांत आलें. आज ज्यांनीं कॅसेट पाहिलेलीच नाहीं, अशा मुलांनीं हें नीट समजून घ्यावें. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात: दोन एका बाजूचे आणि दोन उलट्या बाजूचे. हें यंत्र ते चारहि पट्टे एकाच दिशेनें वापरतें. पहिल्या पट्ट्यावर ठेका घ्यावयाचा. मग तो कानांनीं ऐकत दुसऱ्यावर खर्जाची गिटार वाजवावयाची, आणि त्या दोहोंच्या जोडीस तिसऱ्यावर आणखी एक वाद्य. तीन पट्टे भरले, कीं ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे. म्हणजे पहिले तीन पुन्हां मोकळे होतात आणि त्यांवर नवीं वाद्यें व आवाज घेतां येतात. मात्र एकदां एकत्र केलेलें पुन्हां वेगळें करितां येत नाहीं. ठेका थोडा मोठा राहिला, तर तो शेवटपर्यंत तसाच मोठा राहतो. शिवाय प्रत्येक उताऱ्यागणिक फितीची खरखर वाढत जाते. अशा यंत्रासमोर बसणाऱ्यास पहिला ठोका देतांनाच शेवटचा स्वर मनांत ऐकूं यावा लागतो.

या यंत्रावर रेमो यांनीं एकट्यानें सर्व वाद्यें वाजविलीं, सर्व आवाज स्वतःच्या कंठानें भरले, ध्वनींचें मिश्रण स्वतः केलें, आणि वेष्टनावरचें चित्रहि स्वतःच काढलें. १९८४ मध्यें 'गोअन क्रेझी' हा त्यांचा पहिला संग्रह अशा रीतीनें तयार झाला. आतां तो विकणार कोण? तेंहि काम त्यांचेंच. आपल्या स्कूटरवर कॅसेटी घालून ते दुकानोदुकानीं हिंडले. चार जणांच्या बँडांत प्रत्येकाच्या वांट्यास एक काम येत होतें. येथें वादक, गायक, यंत्रज्ञ, चित्रकार आणि फिरता विक्रेता हीं सगळीं कामें एकाच अंगावर येऊन पडलीं.

गोव्यांत तीं गाणीं घरोघरीं गेलीं. १९८५ मध्यें 'ओल्ड गोअन गोल्ड' या संग्रहांत त्यांनीं गोव्याचीं जुनीं गाणीं नव्या वाद्यांनिशीं पुन्हां म्हटलीं. म्हणजे मांडो आणि दुलपद ऐकत वाढलेला मुलगा रॉकच्या वाटेनें आपल्याच अंगणांत परत आला. त्याच वर्षीं श्री. श्याम बेनेगल यांचा गोव्याच्या पार्श्वभूमीवरचा 'त्रिकाल' हा चित्रपट आला, त्यांत रेमो यांचा आवाज आहे. १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' हा संग्रह मादक पदार्थांच्या व्यसनाविरुद्ध होता. गोव्याच्या किनाऱ्यावर तरुण मुलें त्या विषाला बळी पडत असतां तो निघाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९८७ मध्यें 'बॉम्बे सिटी' हा संग्रह निघाला, आणि ज्या मुंबईनें पूर्वीं पाठ फिरविली होती, तिनेंच आतां त्यांना बोलावलें. त्याच वर्षीं 'जलवा' या हिंदी चित्रपटाचें शीर्षकगीत त्यांनीं गाइलें. १९९५ मध्यें 'बॉम्बे' चित्रपटांतील आणि १९९८ मध्यें 'प्यार तो होना ही था' या चित्रपटांतील त्यांचीं गाणीं देशभर वाजलीं. २००७ मध्यें भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली.

एवढें ऐकून माझा भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, एकटें गेलेलेंच बरें!" मीं म्हटलें, "थांब, गोष्ट संपली नाहीं. पुढें नांव झाल्यावर याच रेमोंनीं स्वतःचा बँड उभारला. त्याचें नांव ठेवलें 'मायक्रोवेव्ह पापडम्स'."

आणि हें कांहीं त्यांच्या एकट्याच्याच बाबतींत घडलें नाहीं. इंग्लंडचे बीटल्स, म्हणजे साऱ्या जगाला वेड लावणारे चौघे, १९७० मध्यें वेगळे झाले. त्यांतील पॉल मॅकार्टनी यांनीं त्याच वर्षीं स्वतःच्या आडनांवाचा एक संग्रह काढला. त्यांतील पुष्कळसें मुद्रण त्यांनीं घरींच चार पट्ट्यांच्या यंत्रावर केलें आणि वाद्यें सगळीं स्वतः वाजविलीं. साथीस फक्त पत्नीचा आवाज. दुसऱ्याच वर्षीं, १९७१ मध्यें, त्यांनीं 'विंग्ज' नांवाचा नवा बँड बांधला. ज्यानें एकट्यानें चौघांचें काम करून पाहिलें, त्यास चौघांची किंमत कळते, असाच याचा अर्थ मला दिसतो.

आमच्या घरांतील वडील मंडळी ही चर्चा ऐकत होती. एक वृद्ध आप्त म्हणाले, "हें गोव्याचें झालें, विलायतेचें झालें, पण आमच्या नारायणरावांचें काय?" त्यांच्या तोंडून नारायणराव हें नांव निघालें, म्हणजे तें बालगंधर्वांचेंच असावयाचें. त्यांचा प्रश्न योग्यच होता. रॉकचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीं महाराष्ट्रानें हा प्रश्न आपल्या रंगभूमीवर पाहिला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० मध्यें संगीत नाटक उभें केलें आणि त्यांची मंडळी महाराष्ट्राचें दैवत झाली. १९०५ मध्यें नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण त्या मंडळींत आला. १९११ मध्यें खाडिलकरांच्या 'मानापमाना'नें त्यांची कीर्ति शिखरास पोंचली, आणि १९१३ मध्यें गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांसह बाहेर पडून त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या वेळींहि लोकांचे दोन पक्ष पडले.

बाहेर पडल्यावर बालगंधर्वांनीं काय उचललें? 'स्वयंवर', 'एकच प्याला' यांसारखीं नाटकें त्यांनीं रंगभूमीस दिलीं. रसिकांस उत्तमाहून कमी कांहीं द्यावयाचें नाहीं, या हट्टापायीं उंची वस्त्रें, अत्तरें, गालिचे आणि उत्कृष्ट साथ यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. बरोबर निघालेले टेंबे आणि बोडस पुढें त्यांनाहि सोडून गेले. मंडळीवर मोठें कर्ज झालें. तें त्यांनीं टाळलें नाहीं. रात्रीमागून रात्री गाऊन तें फेडीत राहिले. त्यांच्या व्यवहाराचें अनुकरण करा, असें मी कोणा विद्यार्थ्यास सांगणार नाहीं. परंतु आपलें ओझें दुसऱ्याच्या दारांत ठेवून ते निघून गेले, असें मात्र कोणी म्हणूं शकत नाहीं.

कोणी विचारील, मग मागें राहिलेल्यांचें काय? किर्लोस्कर मंडळीची गोष्ट याहि बाबतींत बोधप्रद आहे. बालगंधर्व गेल्यानें जी जागा रिती झाली, तींत थोड्याच दिवसांत गोव्यांतील मंगेशीचा एक कोवळा मुलगा येऊन उभा राहिला. त्याचें नांव दीनानाथ मंगेशकर. मोठें झाड बाजूला झाल्यावर रोपट्यास ऊन मिळावें, तसें तें झालें. आणि १९१८ मध्यें त्या दीनानाथांनींहि किर्लोस्कर मंडळी सोडून सोबत्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली! जाणें आणि येणें हा मंडळ्यांचा जणूं श्वासोच्छ्वासच आहे.

तरीहि जे कधींच सोडून जात नाहींत, त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवाहून वेरूळ किती जवळ! तेथील कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळांत, एकाच अखंड खडकांतून, वरून खालीं कोरीत आणलें गेलें. तें कोरणारे हात किती होते, याची गणती नाहीं. त्यांतल्या एकानेंहि हत्तीच्या सोंडेवर आपलें नांव खोदून ठेवलें नाहीं. शाळेच्या समूहगानांत तिसऱ्या ओळींत उभा राहून आपला स्वर सांभाळणारा मुलगा त्याच जातीचा असतो. त्याचा आवाज वेगळा ऐकूं येत नाहीं, हेंच त्याचें कौशल्य. तो नसला, तर मात्र गाणें पोकळ वाटतें.

आतां भाच्याविषयीं. मीं त्याला शेवटीं एवढेंच सांगितलें: "निर्णय आज करूं नकोस. आधीं एक गाणें संपूर्ण एकट्यानें कर. शब्द तुझे, चाल तुझी. ठेकाहि तूंच धर, खर्जाची गिटारहि तूंच वाजव. आणि मग तें दहा अनोळखी माणसांना स्वतः जाऊन ऐकव." त्याला वाटलें, आठ दिवसांचें काम. आज त्याच्यापाशीं संगणक आहे. त्यावर चारच काय, चाळीस पट्टे सुद्धां घेतां येतात, आणि चुकलेलें पुसतांहि येतें. तरीहि दसऱ्याला आरंभलेलें तें गाणें संक्रांतीच्या सुमारास पुरें झालें. या काळांत बापाच्या सांगण्याप्रमाणें परीक्षाहि त्यानें दिली. गाणें घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हां पहिलें वाक्य बोलला तें असें: "मामा, खर्ज वाजविणारा आमचा गडी इतकीं वर्षें काय करीत होता, तें मला आतां कळलें. तो थांबतो कोठें, यावरच माझें गाणें उभें होतें."

मला वाटलें, आतां हा बँडांतच राहील. पण तसें झालें नाहीं. त्याला स्वतःचीं गाणीं गावयाचीं होतीं आणि मित्रांना लोकांस ठाऊक असलेलीं गाणीं वाजवावयाचीं होतीं. हा भेद खरा होता, आणि तो झांकून ठेवण्यांत कोणाचेंच हित नव्हतें. तो निघाला, मात्र निघतांना तिघांच्याहि घरीं स्वतः गेला. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्यानें स्पीकरच्या राहिलेल्या सात हप्त्यांतील आपला वांटा एकदम मोजून दिला, आणि स्पीकर त्यांजपाशींच ठेवले. एका मित्रानें पैसे मुकाट्यानें घेतले आणि दार लावलें. त्या दोघांचें बोलणें अद्यापि सुरू झालेलें नाहीं. ड्रम वाजविणारा मात्र कधीं कधीं ध्वनिमुद्रणास येतो, आणि त्याची बिदागी भाचा त्याच्या हातावर ठेवतो. बँडानें कनिष्ठ महाविद्यालयांतील एका मुलीस गाण्यासाठीं घेतलें असून त्यांचीं आमंत्रणें पूर्वींपेक्षां वाढलीं आहेत. भाच्याचे श्रोते आज पूर्वींच्या चौथाईनेंहि नाहींत. परंतु जे येतात ते त्याचें स्वतःचें गाणें ऐकावयास येतात. त्याची आई अजून हिशेब मांडते आणि तिचा हिशेब अजून जुळत नाहीं.

पालकहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां येणारच आहे. तो गाण्याचा असेल, क्रिकेटच्या संघाचा असेल, भागीदारींतल्या दुकानाचा असेल. मुलगा किंवा मुलगी म्हणेल, "मी यांतून बाहेर पडणार." त्या वेळीं "तुला काय मिळणार?" असें आपण लगेच विचारतों. त्याआधीं, "तूं काय उचलणार आणि कोणाचें काय देणें लागतोस?" हें विचारावें. ज्याच्यापाशीं या दोन प्रश्नांचीं उत्तरें आहेत, त्याला अडवूं नये. ज्याच्यापाशीं नाहींत, त्याला ढकलूं नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांतला एखादा सोबती संघ सोडून निघाला, तर त्याला लगेच कृतघ्न म्हणूं नका आणि लगेच वीरहि म्हणूं नका. वर्षभर थांबा. तो स्कूटरवर कॅसेटी घालून दुकानोदुकानीं हिंडतांना दिसला, तर एक कॅसेट अवश्य विकत घ्या.